चोरओटी

कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कापसाचा बोळा... हरभऱ्याएवढाच, मधोमध एक लाल ठिपका, आणि तो ठिपका आता पसरायचा थांबलेला. मनकर्णाबाई गाडीच्या मागच्या सीटवर हात उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होत्या, आणि एवढंसं रक्त जरी परत आत घालता आलं असतं तरी घातलं असतं, असं त्यांना वाटत होतं. थेंबाथेंबानं जमवलेलं. आणि ते किती जमलं हे कळायला त्यातलंच काढून द्यायचं — ही रीत त्यांच्या ओळखीची होती. दूध संघात तूप शिल्लक किती हे तपासायला दरसाल साहेब यायचे, आणि जाताना साहेबांच्या डब्यात घालता घालताच ती शिल्लक संपायची. तपासणी मात्र चोख व्हायची.

"काकू, शीर घावंना बघा," वडवणीच्या लॅबमधला पंडित मघाशी दंडावर टिचक्या मारत म्हणाला होता. "दडून बसलीय. मागल्या दोन्ही टायमाला बी आसंच केलं हिनं." जणू ती शीर म्हणजे कुणाची तरी रुसलेली जाऊ. मग सापडली, मग नळीत काळपट लाल चढत गेलं. "रिपोट मोबाईलवर टाकतो दुपारपर्यंत. साहेबांच्या का तुमच्या?"

"माझ्या," त्या म्हणाल्या होत्या, जरा घाईनंच.

अकरा. अकरा भरले की पुण्याला फोन करायचा, की मग तारीख. आणि भरोत न भरोत, आज छबुबाईला खरं सांगून टाकायचं. हे दुसरं त्यांनी सुई टोचली त्या क्षणी ठरवलं होतं. टोचल्यावर माणूस काहीही ठरवतो, बाळंतिणीनं पुन्हा नाही म्हणून ठरवावं तसं... पण या खेपेला ठरवलं ते ठरवलं. छबुबाई, माझ्या पोटात काही नाही. म्हणजे आहे, पण ते नाही.

गाडी माळाच्या वाटेला लागली. धारूरकडचे डोंगर उन्हानं पांढरे पडले होते, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पानांऐवजी चाऱ्याच्या ट्रकांतून उडालेली पाचट लटकली होती. त्यांनी पदर पुढे ओढून मांडीवर घेतला. ही सवय कधी लागली? बसलं की पदर पुढे, उभं राहिलं की पदर पुढे, फोटोत तर कडेवर कुणाचं तरी मूल, नाहीतर हातात हार. हार घालायची वेळ टळली तरी मनकर्णाबाई हार धरून उभ्या असतात, असं संघातले लोक म्हणायचे. त्यांना वाटायचं, वहिनींना मानाची आवड आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी पदर बाजूला करायला लावला होता. थंडगार खोली, भिंतीवर आरसा — एवढा मोठा आरसा की त्यात न बघायचं ठरवलं तरी माणूस मावत होतं. डॉक्टर तरुण, हात धुतलेले, बोलणं गोड. त्यांनी निळ्या पेनानं पोटावर रेघा मारल्या, बांधाची मोजणी करणारा मारतो तशा; बेंबीखाली एक आडवी, कमरेपासून कमरेपर्यंत, आणि वर एक वाकडी. मधलं सगळं दोन्ही हातांत धरून, वजन केल्यासारखं जरा उचलून, "हे एवढं जाईल," असं म्हणाले. त्या आरशात बघत राहिल्या. दोन सिझेरियन, पंचवीस वर्षं, आणि उभ्या-उभ्या खाल्लेलं कुणाकुणाच्या ताटातलं उरलेलं... ते सगळं त्या दोन रेघांच्या मध्ये नीट बसलं होतं. मग डॉक्टरांनी कागद बघितला आणि हात काढून घेतला. "आठ पॉइंट एक. हिमोग्लोबिन फारच कमी आहे तुमचं. अकराच्या खाली मी सुरी लावत नाही. घाई काय आहे? ही हौसेची शस्त्रक्रिया आहे, मॅडम."

हौसेची.

येताना अख्ख्या रस्त्यात तो शब्द त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून होता. हौस — तुला कशाची हौस आहे गं, असं मला कुणी... आईनं विचारलं असेल लहानपणी, हिरव्या बांगड्यांबद्दल. त्यानंतर? सुंदररावांना सांगितलं तेव्हा ते छावणीच्या मंजुरीच्या गडबडीत होते. सुंदरराव म्हणजे त्यांचे यजमान, दूध संघाचे चेअरमन. त्या साली दुष्काळात जनावरांनी दूध द्यायचं सोडून दिलं, तेव्हा दूध संघानं दुधाचा नाद सोडून जनावरांची छावणी काढली होती. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. ते रागावत कधीच नसत. ते ठराव मांडल्यासारखं बोलत.

"माझी काय ना न्हाई," ते म्हणाले. "फक्त एवढा इचार कर. छावणीत जनावराच्या बरगड्या लांबून मोजता येतात. आन छावणी चालवणाऱ्याच्या घरचं पोट कमी करायला पुण्याला चाललंय म्हनल्यावर... समोरच्या पार्टीला आयतंच." मग जरा थांबून, चष्मा लावून, "खडे म्हन. पित्ताचे. खड्याला कोन हसत न्हाई."

तेव्हापासून गावाच्या लेखी त्यांच्या पोटात खडे होते. पुण्याच्या लेखी चरबी होती. आणि छबुबाईच्या लेखी मूल. एकच पोट, तीन ठिकाणी तीन नोंदी, आणि त्यातली एकही नोंद मनकर्णाबाईंनी स्वतःहून केलेली नव्हती, असं त्या स्वतःला समजावत... पण तिसरी केली होती. तिसरी मीच केली.

महाशिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. छावणीचं उद्घाटन होऊन थोडेच दिवस झाले होते. पेपरात त्यांचा फोटो आला होता — हौदावर नारळ फोडताना, वाकलेल्या, बाजूनं घेतलेला. वाऱ्यानं पदर नेमका तेव्हाच सरकला होता. सुंदररावांनी तो अंक दिवाणखान्यात ठेवला. मनकर्णाबाईंनी तो तिथून उचलला, स्वयंपाकघरात नेला, आणि पापड वाळवायला पसरला, उपडा. त्याच दुपारी त्या छावणीत गेल्या. घरचं माणूस रोज दिसलं पाहिजे, असं सुंदररावांचं म्हणणं होतं, त्यामुळे रोज जाऊन दिसून यायच्या. उसाच्या वाढ्यांच्या गंजीजवळ एक बाई बैलाच्या पाठीवरून ओलं पोतं फिरवत होती. काळीसावळी, हाडं वर आलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. धारूरकडची, उसतोडीची. यंदा उसाचंच चिपाड झालं म्हणून कारखाने लवकर बंद पडले आणि टोळ्या परत आल्या. मग नवरा वीटभट्टीवर, आणि बैलांची जोडी घेऊन ती इथं. तिनं मनकर्णाबाईंकडे बघितलं. पोटाकडे बघितलं. पुन्हा तोंडाकडे. आणि तिचा चेहरा असा उजळला, की त्या उजेडाची त्या रखरखीत माळावर कुणाला सवयच राहिली नव्हती.

जवळ आली, आवाज खाली घेतला. "वैनी... कितवा म्हैना म्हनायचा?"

आता सांगता आलं असतं. अगं नाही, ही चरबी आहे. पाच शब्द. पण त्यांच्या डाव्या हाताला एक गाय उभी होती, तिच्या पाठीचा कणा वर आलेला, कातडी दोन खुंट्यांवर वाळत घातल्यासारखी. समोरची बाई तर नुसती... आणि त्या गाईसमोर, त्या बाईसमोर म्हणायचं, की हे माझं खाल्लेलं आहे, हे मी पंचवीस वर्षं खाऊन साठवलंय, तुमच्या डोळ्यांदेखत? छावणीत पोटुशी बाई खपते. लठ्ठ बाई खपत नाही. तोंडातून शब्द गेला तो त्यांना कानांनीच कळला.

"चौथा."

"आगं माय." छबुबाईनं तिथल्या तिथं कानशिलांवर बोटं मोडली. "आन येवढं दडवताव कावून?"

"या वयात... लेकीचं लग्न झालेलं. लोक हसतील." हे मात्र त्या अगदी सहज बोलल्या, आणि बोलताना त्यांना खरंच लाज वाटली, गाल तापले. खोट्या मुलाची खरी लाज.

"माझ्या तोंडून न्हाई जानार," छबुबाई म्हणाली. "बैलांनला बी सांगनार न्हाई."

आणि नाही सांगितलं. शेकडो माणसं, तंबूसारख्या बांधलेल्या साड्या, सावलीला बसून दुसऱ्याचं काढण्यापलीकडे कुणाला काम नाही. पण ही गोष्ट छबुबाईच्या तोंडून कुठं गेली नाही. संघाच्या संचालक मंडळात एक गोष्ट चहा संपेपर्यंत टिकत नसे.

चहा... तोच तर. पुण्याहून गोळ्या आणल्या होत्या लोखंडाच्या, विटकरी लाल, रात्री उशाला ठेवल्या तर गंज चढेल अशा वाटणाऱ्या. चहासोबत घेऊ नका, चहा रक्त वाढू देत नाही, असं पुण्याच्या नर्सनं बजावलं होतं. म्हणून त्या गोळी पाण्यासोबत घेत आणि चहा लगेच नंतर. चेअरमनच्या घरी दिवसभर माणूस येतं. टँकर आला नाही म्हणून येतं, आला म्हणून येतं. आणि आलेल्याला चहा दिला की सोबत अर्धा कप आपणही घ्यायचा, नाहीतर वहिनींना गर्व झाला. अशा अर्ध्या-अर्ध्या कपांनी दिवस भरायचा. शिवाय रक्त वाढावं म्हणून त्यांनी लिंबागणेशाला जाऊन सोळा संकष्ट्या बोलल्या होत्या, निर्जळीच्या, आणि हात आखडता नको म्हणून वर सोमवार. गणपतीनं काय करायचं? एकीकडे ही म्हणते रक्त वाढव, दुसरीकडे ही जेवतच नाही. महिन्यानं तपासलं तर आठ पॉइंट तीन. "वाढतंय की," सुंदरराव म्हणाले होते. त्यांना वाढ कमी झाली तरी ती वाढच, हे संघाच्या अहवालांमुळे पाठ होतं.

खरं वाढवलं ते... गाडी छावणीच्या कमानीखालून आत शिरली. कमानीवर सुंदररावांचा हसरा फोटो आणि खाली 'मुक्या जिवांसाठी'. त्या उतरल्या. कापूस काढून टाकावा का? राहू दे. छबुबाई विचारेलच, मग तिथूनच सुरुवात करता येईल. हे बघ, मी रक्त तपासायला गेले होते, कशासाठी माहितीय का...

खरं वाढवलं ते छबुबाईनं, आणि अगदी चुकीच्या कारणांनी. हौदाच्या खाली, जिथं टँकरचं पाणी झिरपायचं, तिथं हातरुंद हिरवी पट्टी उगवली होती. अख्ख्या माळावर तेवढीच. तांदुळजा, चिघळ. ती सकाळी जनावरं हौदावर यायच्या आत जाऊन खुडायची, लोखंडी तव्यावर लसणासोबत परतायची आणि मनकर्णाबाईंसाठी ठेवायची. शेवग्याचा पाला. ज्वारीची भाकरी, तव्यावरून ताटात. गुळाचा खडा. गंजीच्या मागे बारदानावर बसवायची आणि समोर उकिडवी बसून शेवटचा घास जाईपर्यंत उठायची नाही.

"चहा आजाबात न्हाई प्यायचा," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ल्येकरू काळं व्हतं."

"आणि सोमवार?"

"सोमवार तुमचा का त्याचा? त्यानं कंचा नवस केलाय? पोटातल्याला उपाशी ठिवल्यालं देवाला आवडतंय व्हय?"

त्या हसल्या होत्या. आणि चहा सोडला. घरी येणाऱ्यांना सांगितलं, खड्यांमुळे बंद केलाय. सोमवार सोडला, चतुर्थ्या पुढे ढकलल्या. कारण... कारण रोज दुपारी कुणीतरी समोर बसून विचारत होतं, पोट भरलं का, अजून चतकोर घ्या, आज तोंड उतरल्यालं दिसतंय. त्या खोट्या बाळाच्या पोटी — नाही, बाळाच्या नव्हे, माझ्या... माझ्याच पोटी ते सगळं जात होतं.

त्यांच्या खऱ्या पोटुशेपणात काय झालं होतं? आई तेव्हा गेलेली. पहिल्या खेपेला सातव्यात डोहाळजेवण झालं ते संघाच्या पहिल्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात, आणि म्हणून ते डोहाळजेवण राहिलं नाही, ती महिला सभासदांची सभा झाली. पाचशे बायका. मांडव, भोंगा. त्यांना झोपाळ्यावर बसवलं, हातात फुलांचं धनुष्य दिलं, आणि ओटी भरायला आलेल्या प्रत्येकीच्या हातात परत जाताना पॅनेलचं चिन्ह छापलेली पिशवी. सासरे भोंग्यावरून बोलले, मग सुंदरराव, मग कुणी प्रमुख पाहुणे. बाळाला सगळ्यांनी सहकारमहर्षी करून टाकलं. कंबर मोडून आली होती. पंगतीवर पंगती उठत होत्या आणि झोपाळ्यावरून त्यांना बुंदीचा वास येत होता, आणि मला कुणी पान वाढलं नाही... वाढलं असेल, विसरले असतील, गर्दीत कुणाच्या लक्षात... शेवटी शिळी भाकरी आणि दही, सगळे गेल्यावर, चुलीपाशी उभ्या-उभ्या. पॅनेल निवडून आलं. मुलगी झाली.

आणि हे एवढं एक, जे कधी नव्हतंच, त्याला मात्र गंजीमागे गरम भाकरी.

छबुबाई दिसली, पाण्याच्या बादल्या घेऊन वळत होती. हात वर करून तिनं थांबायची खूण केली. सांगायचं. आज. तिला एकदा विचारलं होतं, तुला किती लेकरं? एक मुलगी, बारावीला, मामाकडं ठेवलेली. "मंग पिशवी काढली. तवा इसाची व्हते मी. पोट दुखायचं. मुकादम म्हनला, महिन्याच्या महिन्याला खाडा पडतुया, त्यापरीस काढून टाका. डाक्टर बी तेच म्हनला. सगळ्यांच्याच काढल्यात आमच्या टोळीत." ती हे सांगताना बैलाच्या कानातली गोचीड काढत होती.

"रक्त बघितलं होतं का तुझं? आधी?" त्यांना पुण्याचं सगळं आठवत होतं, अकराच्या खाली सुरी लावत नाही.

"बघितलं की," छबुबाई म्हणाली. "फरशीवर."

आणि ती स्वतःच हसली, तोंडाला पदर लावून, आणि गोचीड दगडानं चिरडली. त्या हसू शकल्या नव्हत्या. त्या रात्री घरी ती गोळी त्यांनी तळहातावर घेतली आणि परत पाकिटात ठेवली. दोन बायका, दोघींच्या पोटावर सुरी... एकीला म्हणे हौस, आणि दुसरीला हवं का नको ते विचारलंसुद्धा नाही. तिला आता कुणाच्याही पोटात मूल दिसलं की ते तिच्या वाटणीचं वाटत असावं. म्हणून तर ते खोटं आता खोट्यासारखं साधं राहिलं नव्हतं. चौथा म्हणता म्हणता पाचवा झाला, सहावा झाला. खोटं बोललं की विसरतं माणूस, पण हे दर महिन्याला वाढतच होतं, दिवस भरत चालले होते. पुण्याहून मी सपाट होऊन आले की ही काय समजेल? गेलं म्हणून समजेल. रडेल. चरबीच्या गोळ्यासाठी ही बाई ऊर बडवून रडेल आणि मला तिच्या खांद्यावर डोकं टेकवून ते रडणं घ्यावं लागेल. किंवा तिला न भेटताच जायचं. पाऊस आला की छावणी उठेल, ती दसऱ्यानंतर कोयता घेऊन जाईल — आणि मग फडात, थळावरच्या खोपटात, कुठंही, मनात म्हणत राहील, वडवणीच्या वैनीचं आता रांगत असेल. आता बोलत असेल. आता शाळेत घातलं असेल. त्याला मी तांदुळजा घातलाय. कुठल्या तरी उसाच्या फडात ते मूल वर्षानुवर्षं वाढत राहील, आणि त्याला आई दोघी, आणि त्यातल्या एकीलाच ते नाही हे माहीत.

"चला गंजीमागं," छबुबाई बादल्या ठेवून जवळ आली. "हाताला काय झालं?"

"छबुबाई, मला तुला एक —"

"आदी चला. बसा. मंग काय ते बोला. आदी तोंड तिकडं करा, उगवतीला."

बारदानाऐवजी आज तिथं घोंगडं होतं. ताट झाकलेलं. छबुबाईनं इकडं-तिकडं बघितलं. पलीकडं एक म्हातारा गव्हाणीला टेकून झोपला होता, तेवढंच. तिनं साडीच्या घडीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हिरवा खण. घडीच्या रेषा पडलेला, कापराचा वास येणारा.

"पाचव्यातच करायची आसती चोरओटी," ती कुजबुजली. "कुनाला न कळता, एक बाई दुसरीची भरती. माझ्या ध्येनातच न्हाई राहिलं, आन मंग खण कुठं गावंना. ह्यो लेकीच्या पेटीतला हाय. तिला आजून टाइम हाय, तिला घिऊ दुसरा."

"नको. छबुबाई, ऐक माझं, नको. लेकीचा खण —"

"ओटीला न्हाई म्हनू न्हाई, वैनी. पदर धरा."

आणि हातांनी पदर धरला. हात कुणाचं ऐकत नाहीत. आयुष्यभर इतक्या वेळा पुढे झालेले, हार घ्यायला, नारळ घ्यायला, निवेदनं घ्यायला. छबुबाईनं हळदीकुंकू लावलं. खण ठेवला, वर खारीक, हळकुंड, सुपारी. नारळ नव्हता, नारळाऐवजी खोबऱ्याची वाटी. मग ओंजळीनं गहू. रेशनचे, बारीक, निवडून स्वच्छ केलेले. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. ते पदरात पडताना पोटावर पडत होते, वजन जाणवत होतं, आणि छबुबाई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. भोंगा नव्हता, प्रमुख पाहुणे नव्हते, बैल शेपूट हलवत होता. मनकर्णाबाईंना वाटलं, आता बोलले नाही तर... आणि त्याच वेळी वाटलं, हे संपूच नये.

"घ्या, जेवा आता. आज पुरन केलंय. एकच पोळी. त्याला आवडतंय का बघू."

पहिला घास तोंडात घातला, आणि मांडीवरच्या गव्हात मोबाईल थरथरला. पंडितचा निरोप. त्यांनी चष्म्याशिवाय डोळे बारीक करून वाचला. पुन्हा वाचला.

"काय वो? वाईट हाय काय?" छबुबाईचा चेहरा एका क्षणात काळजीचा झाला.

"नाही. रक्त तपासलं होतं." घास गिळावा लागला. "अकरा पॉइंट दोन. वाढलंय."

"वाढनारच की," छबुबाई म्हणाली, आणि समाधानानं मागं टेकली, दिवसभराचं काम संपल्यासारखी. "ल्येकराचा पायगुन."

सांग. आता. हेच ते वाक्य, याच्यापुढे दार नाही. मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. आणि पोळीचा दुसरा घास त्या तोंडात गेला, इतका गोड, इतका कढत, की डोळ्यांत पाणी आलं, आणि छबुबाई म्हणाली, "रडायचं न्हाई, त्याला कळतंय."

घरी पोचल्या तेव्हा सुंदरराव ओट्यावर माणसांत बसले होते. ट्रेमधून चहा आला. "घे ना अर्धा कप," ते म्हणाले, "तोंड सुकलंय. काय म्हनतेत खडे? आकडा आला का?"

आत्ता अकरा म्हटलं की संध्याकाळपर्यंत पुण्याचा दिवस ठरेल. सुंदरराव ठराव झाल्यावर थांबत नसत. त्यांनी कपाकडे बघितलं. रोज असा थोडा-थोडा घेतला तर आकडा पुन्हा खाली येईल, कुणाला न दुखवता, कुणाला काही न सांगता, आपोआप. निर्णय घ्यायची ही पद्धतसुद्धा संघातलीच... तो विचार त्यांना इतका सोयीचा वाटला की त्यांची त्यांनाच शरम वाटली.

"नाही आला अजून," त्या म्हणाल्या. कप तसाच ठेवला. "आणि चहा नको मला."

"पदरात काय हाय?"

"प्रसाद."

आतल्या खोलीत दार लावून घेतलं. गहू सुपात ओतले, खण कपाटात ठेवला, उशाखाली ठेवावा का असं वाटून पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. साडी सोडली. आरसा होता, अर्धाच, कमरेपर्यंतचा; आजवर तेवढाच पुरत आला होता. त्या त्याच्यापासून मागे-मागे सरकल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत, तेव्हा पोट दिसलं. निळ्या रेघा कधीच पुसल्या गेल्या होत्या, पण कुठं होत्या ते नीट आठवत होतं. हे एवढं जाईल. हे जावं, असं अजूनही वाटत होतं. ते काही कमी झालं नव्हतं. आणि तरी... मी हे दोन्ही हातांत धरलं, डॉक्टरांनी धरलं होतं तसं, आणि वजन वेगळंच लागलं. यात आता पुरणाची पोळी होती. यात तांदुळजा होता. लेकीच्या पेटीतला खण यानं घेतला होता, आणि परत कसा करायचा ते याला कळत नव्हतं.

बेंबीखालच्या त्या घडीत, बरोबर जिथून आडवी रेघ गेली होती तिथं, काहीतरी टोचलं. त्यांनी वाकून बघितलं. गव्हाचा एक दाणा. पदरातून निसटून घडीत जाऊन बसलेला, घामानं जरासा फुगलेला.

काढायला बोट गेलं, आणि थांबलं.

बाहेर सुंदरराव कुणाला तरी सांगत होते, की जूनपर्यंत छावणी रेटायची, पुढचं पुढं. मनकर्णाबाईंनी हळूच, धक्का लागू नये अशा बेतानं, परकराची नाडी जरा सैल बांधली. सातवा संपत आला, त्या मोजत होत्या. मग आठवा.